साक्षीदार पाणी पिते

सोमवार, ६ जानेवारी

लिही. मी सांगते तेवढंच लिही, पदरचं काही घालू नकोस.

माझी सत्तरी कधीच उलटली. नेमकं वय किती ते आईबापांनी कुठे लिहून ठेवलं नाही, आणि लिहिलं असतं तरी मला वाचता आलं नसतं. अक्षराशी माझं जन्मात जमलं नाही. घड्याळ कळतं, नोटा कळतात, माणसं कळतात. तेवढ्यावर संसार ओढला. आता या वयात रोजनिशी ठेवायची वेळ आली ती काही हौसेनं नाही, डॉक्टरच्या कागदावर गोळीसारखी लिहून आली म्हणून.

गोळी माझी नाही, सूनबाईची. ती समोर मान खाली घालून लिहिते आहे. कोर्टात स्टेनो आहे. साहेबानं तोंड उघडायचा अवकाश, हिची पेन्सिल निघालीच. पंधरा वर्षं हेच काम केलं. तिची ती लिपी म्हणजे मुंग्यांनी मोर्चा काढल्यासारखी, नुसत्या आडव्यातिडव्या काड्या. माझा लेक तिचा नवरा असून त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तेवढ्यापुरते या घरात आम्ही सगळे सारखेच अडाणी, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

मागच्या मार्चात घरात कोविड शिरला. चौघांनाही झाला. बारा वर्षांची नात दोन दिवस झोपली आणि तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली. लेक आठवड्यानं कामावर गेला. मी चार दिवस खोकले आणि उठले. सूनबाई उठली ती अर्धीच उठली. एक खोली झाडली की तासभर आडवी. गॅस पेटवते आणि मग विचार करत उभी राहते, की कशासाठी पेटवला. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसतो, उतरायचं नाव घेत नाही. याला म्हणे लाँग कोविड म्हणतात. मी म्हणते, चिकट पाहुणा. निघतो निघतो म्हणतो आणि पुन्हा टेकतो.

कोर्टानं पत्र पाठवलंय. चोवीस मार्चला सलग पंधरा मिनिटं डिक्टेशन घेऊन दाखवायचं. जमलं तर जागा तिची, नाही जमलं तर दुसरी बाई बसेल. म्हणून ती आठवड्यातून एकदा पुनर्वसन केंद्रात जाते. तिथल्या बाई दर वाक्याला "सावकाश" म्हणतात, म्हणून मी त्यांना सावकाशबाई म्हणते. त्यांनी सांगितलं, घरी रोज दहा मिनिटं कुणीतरी बोलावं आणि हिनं उतरवावं. "घरात जास्त कोण बोलतं?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नातीनंसुद्धा. कार्टी.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसते, तिची घड्याळाकडे पाठ. वेळ झाली की मी सांगायचं. दुसऱ्या दिवशी तिनं मुंग्या सोडवून नीट अक्षरात लिहायचं आणि मला वाचून दाखवायचं. बाईंच्या तक्त्यात किती मिनिटं झाली आणि दहापैकी किती दमली, एवढं भरायचं.

झाली दहा मिनिटं. ठेव पेन्सिल.

(कोर्टातली सवय जात नाही, म्हणून साक्षीदाराच्या हालचाली कंसात नोंदवते आहे. आईंना वाचून दाखवताना कंस गाळीन. साक्षीदार आज तीनदा पाणी पिते.)

बुधवार, ८ जानेवारी

आज काही घडलं नाही. काही घडलं नाही हेही सांगायला तीन मिनिटं लागली, एवढी मी बोलकी.

मंगळवार, १४ जानेवारी

केंद्रात गेलो. सूनबाईची पिशवी घेऊन मी सोबत जाते. तिला एकटीला सोडवत नाही. केंद्र दुसऱ्या मजल्यावर. आजाऱ्यांची शाळा दुसऱ्या मजल्यावर ठेवायची अक्कल कुणाची, देव जाणे. लिफ्ट आहे, पण तिच्यासमोर ही रांग. आमच्या घरीही तीच गत. लेक गावभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जिन्याच्या वळणावर कुणीतरी कुंड्या ठेवल्यात. मला झाडांची आवड, म्हणून जरा थांबून पाहिल्या.

(साक्षीदार दोन्ही वळणांवर थांबते. दुसऱ्या वळणावर कुंड्या नाहीत.)

आत लांबलचक खोली, भिंतीला खुर्च्या, मधे दोन सायकली ज्या कुठेच जात नाहीत. सहा जण असतात. माझी गट्टी जमली ती बेकरीवाल्याशी. आडदांड गडी, पण वासच गेला. भट्टीतला पाव जळून काळा होतो तेव्हा बायको ओरडते, मग याला कळतं. सावकाशबाई त्याला चार बाटल्या देतात: लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा. "आजी, लवंगेचा आठवतो, पण येत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, माझ्या नवऱ्याचं तसंच होतं. आठवायचा, पण घरी येत नसे." खूप हसला. मग खोकला. मग बाई माझ्यावर रागावल्या.

बाईंचा नियम जगाच्या उलटा आहे. दमलात की थांबा, असं नाही. दमायच्या आधी थांबा. त्या म्हणाल्या, "टाकीत पाणी अर्धं आहे. नळ सोडून आंघोळ केलीत तर दोन दिवस प्यायलाही मिळणार नाही." सूनबाईच्या मनगटावर नाडीचं घड्याळ बांधलंय. ठोके वाढले की टुणटुण करतं आणि हिला बसावं लागतं. मी सासू होऊन वीस वर्षांत एवढा धाक बसवू शकले नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

चार दिवस वही बंद होती. सांगते का ते.

रविवारी सूनबाईला बरं वाटत होतं. बरं वाटणं हाच या दुखण्याचा कावा. तिनं नातीचं कपाट आवरलं, खिडक्या पुसल्या, घड्याळ टुणटुणायला लागलं तर काढून टेबलावर ठेवलं. लेक म्हणाला, "बघ आई, आली गाडी रुळावर!" सोमवारी काही नाही. मंगळवारी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना. उजेड नको, आवाज नको. नातीनं दाराबाहेर बूट हातात घेऊन चालायची रीत काढली.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, अशी आमच्या आईची म्हण होती. आईला हे दुखणं माहीत नव्हतं. यात मुंगी दोन पावलं जाते आणि हत्ती मागे येऊन तिला उचलून पुन्हा घरी आणून सोडतो.

तक्त्यात लिहिलं: चार मिनिटं, दमणूक आठ. आकडा लिहिताना तिच्या कपाळावरची शीर दिसली. मला कागद वाचता येत नाही, पण शीर वाचता येते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पंधरा मिनिटं! लिही मोठ्या अक्षरात.

काय सांगत होते मी? हां. बेकरीवाल्यानं पाव आणून दिला. एक बाजू जळकी. मी म्हटलं, ही तुझी सही समजायची का? (साक्षीदार थांबते. चष्मा पुसते. साक्षीदार घरात चष्मा वापरत नाही. तो माझा आहे.) तर तो म्हणाला, की आता त्याला लिंबाच्या बाटलीतून काहीतरी येतं. लिंबू नाही, पण काहीतरी. (साक्षीदार पाणी पिते. खिडकीबाहेर बघते.) काहीतरी येतंय हेही काही कमी नाही. (पाणी.)

झाली पंधरा. दमलीस? दोनच? भले!

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज वीस मिनिटं.

आज लेकाचं सांगायचं म्हणजे, तो एका जुन्या लिफ्टमध्ये अडकला. (साक्षीदार उठून पाणी आणते.) स्वतःच दुरुस्त करायला गेलेला, स्वतःच आत. (साक्षीदार बसते. श्वास घेते. ओठ आवळून हळू सोडते.) तासाभरानं बाहेर काढला. विचारलं, काय केलंस रे आत? म्हणाला, झोपलो. (साक्षीदार बराच वेळ काही बोलत नाही.) वडलांवर गेलाय. (पाणी.) संपलं.

सावकाशबाई तक्ता बघून खूश झाल्या. लेकानं तर केंद्रातल्या कॅलेंडरवर चोवीस मार्चला बोटानं टिचकी मारली. फक्त सूनबाई गप्प. आनंद झाला की काही माणसं गप्प होतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बाईंनी कोर्टाला चिठ्ठी दिली. सव्वीस तारखेला दोन तास जाऊन बघायचं, सराव म्हणून. "वीस मिनिटं सलग होतायत, दमणूक कमी, मला वाटतं प्रयत्न करू या," म्हणाल्या. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, मला काय विचारतेस? मी अडाणी बाई.

(साक्षीदार उत्तर देताना घड्याळाकडे बघते.)

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज पेन माझ्या लेकाच्या हातात आहे. सूनबाई पडदे ओढून पडली आहे. लेक म्हणतो, हळू सांग, मला तारा जोडता येतात, वाक्यं नाही. नीट जोड म्हणजे झालं.

परवा ती कोर्टात गेली. निळा कोट घातला, केस बांधले. मी दारातून बघितलं तर पूर्वीची सूनबाई. साक्षीला एक म्हातारा होता, दोन शेजाऱ्यांमधल्या भिंतीचं भांडण. म्हातारा माझ्यासारखाच तोंडाळ. फरक एवढाच, की तो पाणी पीत नव्हता. अकरा मिनिटं हिनं उतरवलं. मग हात चालत राहिला, पण हात म्हणजे ती नव्हती. न्यायाधीश म्हणाले, मागचं वाक्य वाचून दाखवा. हिनं वहीकडे पाहिलं. नुसत्या रेघा. स्वतःचंच लिहिलेलं तिला वाचता येईना.

आता पुढचं लिही, लेका. तोंड वासून बघू नकोस माझ्याकडे.

मी खोटं बोलले. घड्याळ माझ्यासमोर होतं ना? दहा मिनिटांत मी सहाच मिनिटं बोलायचे. पंधरात सात. वीस म्हटले त्या दिवशी सहा बोलले असेन, बाकी पाणी, चष्मा, खिडकी. तिची पेन्सिल अडखळायला लागली की मी घसा खाकरायचे. मला वाटलं, मुलाला चालायला शिकवताना आपण बोट धरतोच की. धरलेलं बोट कुणी तक्त्यात लिहितं का? पण बाईंनी त्या तक्त्यावर विश्वास ठेवला आणि तिला तिकडे पाठवलं. ज्या खोलीत पंधरा वर्षं तिचा शब्द प्रमाण होता, तिथे मी तिला सगळ्यांसमोर अडाणी केली. मला जन्मभर ठाऊक आहे ते कसं असतं. कागद समोर असतो, लोक बघत असतात.

लेक म्हणतो, "आई, हे तिला सांगायला हवं." अरे बाबा, म्हणूनच तर तुला लिहायला लावलं. तोंडानं सांगायची हिंमत नाही. लिहिणारे लोक इतकं का लिहितात, ते आज कळलं.

वही तिच्या उशाशी ठेव. आणि तू तोंड मिटून राहा.

गुरुवार, ६ मार्च

पुन्हा मुंग्यांची पेन्सिल. आज तिनं स्वतः वही आणली, माझ्यासमोर बसली आणि घड्याळ भिंतीवरून काढून टेबलावर मधोमध ठेवलं. दोघींना दिसेल असं.

मी म्हटलं, "वाचलंस?"

"वाचलं."

"मग ओरड की. मी तयारीत आहे."

"मला आधीपासून माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"कोर्टात पंधरा वर्षं लोकांचं खोटं शब्दशः उतरवलंय मी. तुमचं ओळखायला असा किती वेळ लागणार? आणि कागद मोजले की कळतं. वीस मिनिटांचं पाऊणच पान कसं होईल?"

मी तर बसल्या जागी गार. म्हटलं, "मग बोलली का नाहीस, मेले?"

तिनं टेबलावरचं घड्याळ जरा माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "मलाही ते खरं हवं होतं. तुम्ही वीस म्हणालात की मी तक्त्यात वीस लिहायचे आणि त्या रात्रीपुरतं ते खरं असायचं."

म्हणजे बघा. चोर एकीकडे आणि पोलीस दुसरीकडे असतो म्हणून कोर्ट चालतं. आमच्या घरात दोघीही चोर. मी तिला म्हटलं, पुढच्या खेपेला मला आधी सांग, निदान पाणी तरी वाचेल. ती हसली. आजारानंतर पहिल्यांदा आवाज काढून हसली, आणि लगेच मनगटावर टुणटुण झालं. हसण्यावरही पहारा!

पाच मिनिटं. खरी.

मंगळवार, ११ मार्च

तिनं वही उचलून सरळ सावकाशबाईंच्या हातात दिली. "यात खरी मिनिटं आहेत, बाई. तक्ता चुकीचा आहे. आम्ही दोघींनी चुकवला." 'दोघींनी' म्हणाली. मी मान खाली घातली. एरवी माझी मान अशी सहज खाली जात नाही.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. वाचताना रागावतील अशी माझी अपेक्षा. त्या मधेच थांबल्या, मागची पानं उलटली, पुन्हा पुढे आल्या. "हे कंसात काय आहे?" आणि मोठ्यानं वाचू लागल्या. साक्षीदार पाणी पिते. साक्षीदार दुसऱ्या वळणावर थांबते. साक्षीदार ओठ आवळून श्वास सोडते.

मी सूनबाईकडे पाहिलं. ही दोन महिने माझ्याच तोंडादेखत माझी चहाडी लिहीत होती! मी म्हटलं, "अगं घरभेदी!"

"आजी," बाई म्हणाल्या, "तुम्ही पाणी पिण्याचं नाटक करत होता ना?"

"तर! उत्तम नाटक."

"जिन्यावरही?"

"तिथे कुंड्या होत्या."

"बोट द्या."

बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. मग म्हणाल्या, पाच मिनिटं बोला. बोलायला मला दोनदा सांगावं लागत नाही. बेकरीवाल्याच्या जळक्या पावाची गोष्ट सांगितली. गोष्ट संपायच्या आत बाईंनी चिमट्यावरचा आकडा बघितला, मग सूनबाईला दाखवला. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"कधीपासून दम लागतो, आजी?"

मी सांगितलं, की दम लागत नाही, वय लागतं. आणि यंत्र बिघडलेलं आहे, माझ्या लेकाला दाखवा, तो दुरुस्त करून देईल. बाईंनी काही ऐकलं नाही. डॉक्टरकडे तपासायला पाठवणार म्हणाल्या, आणि मलाही एक तक्ता दिला. आकडे नाहीत, चित्रं आहेत: हसरा चेहरा, मध्यम चेहरा, रडका चेहरा. रोज एकावर बोट ठेवायचं. मी हो म्हटलं, सूनबाईला एकटं वाटू नये म्हणून. सोबत असली की माणूस टिकून राहतो.

(साक्षीदाराचं म्हणणं नोंदवलं. कंस यापुढेही वाचून दाखवणार नाही. साक्षीदारानं आक्षेप घेतला आहे.)

मंगळवार, १८ मार्च

घरात तंटा. सहा मिनिटांपलीकडे पेन्सिल जात नाही. सातव्याला थांबली नाही तर दुसरा दिवस गेलाच. परीक्षा पंधराची, आणि सहा दिवस उरले.

लेक म्हणतो, "जाऊन तरी बघ. परीक्षेच्या दिवशी अंगात बळ येतं. कुणी सांगावं?"

सूनबाई म्हणाली, "बळ येईल. सव्वीसला कोर्टात आलंच होतं. आणि नंतर?"

"नंतर मी आहे ना."

"तू आहेस. मी नसते. चार दिवस मी कुठेच नसते, तुला माहीत आहे."

लेक उठून स्वयंपाकघरात गेला आणि नसलेली भांडी घासू लागला. तो भित्रा नाही, पण त्याला वाटतं, की प्रत्येक गोष्ट कुठलं तरी बटण दाबलं की वर जाते. नात म्हणाली, "आई, तू नुसती सहा मिनिटांची परीक्षा माग ना." स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मग सूनबाई म्हणाली, "तशी परीक्षा नसते, बाळा."

थोड्या वेळानं मात्र तिनं बाईंना फोन लावला आणि खऱ्या मिनिटांचा नवा तक्ता मागवला.

मला विचाराल तर माझं मत नाही. मत असलं तरी मागच्या खेपेला माझ्या मताचा काय उजेड पडला ते वर लिहिलंच आहे.

बुधवार, २६ मार्च

परवाचं आज सांगते. दोन दिवस आम्ही दोघी नुसत्या पडून होतो. ती बाईंच्या नियमानं, मी तिला सोबत म्हणून.

कोर्टातले मोठे कारकून चष्मा कपाळावर चढवतात आणि खिशात शोधतात, म्हणून मी त्यांना चष्मेसाहेब म्हणते. मनातल्या मनात. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या पुस्तकाला स्वतःच्या आईपेक्षा जास्त मान देतो. टेबलावर परीक्षेचा कागद, बाजूला घंटीचं घड्याळ. खोलीत एक जास्तीची खुर्ची होती, ती मी न विचारता घेतली.

"बसा बाई, सुरू करू या," ते म्हणाले.

"साहेब, मी परीक्षा देणार नाही," सूनबाई म्हणाली.

त्यांनी चष्मा शोधला.

तिनं तक्ता पुढे ठेवला. "माझी सहा मिनिटं होतात. मग दहा मिनिटं थांबले, तर आणखी सहा. असं दोन तास, आठवड्यातून तीन दिवस. त्याच्या पुढे गेले तर मी तुमच्या आणि माझ्या, दोघांच्याही उपयोगाची राहत नाही. जुन्या साक्षींचं रेकॉर्डिंग पडून आहे, ते टाइप करायला माणूस नाही असं ऐकलं. ते काम मला द्या. तिथे साक्षीदाराला थांबवायचं बटण माझ्या हातात असेल."

"नियम पंधराचा आहे बाई. तो मी केलेला नाही."

"आजारही मी केलेला नाही, साहेब."

ते तक्ता बघत राहिले. मग म्हणाले, "रेकॉर्डिंगचं काम देतो, पण स्टेनोची जागा जाईल. नवीन बाई येतील. पुन्हा कधी परीक्षा द्यावीशी वाटली तर तेव्हा सगळ्यांसारखा अर्ज करायचा, पहिल्यापासून. हे कळतंय ना?"

"कळतंय."

मला वाटलं होतं ती रडेल. रडली नाही. फक्त कोटाच्या बाहीची शिवण अंगठ्यानं चोळत राहिली. चोळत होती ती पंधरा वर्षं, बाही नाही.

सहा झाली. उरलेलं उद्या.

(साक्षीदार स्वतःहून थांबते.)

गुरुवार, २७ मार्च

तर पुढे. साहेबांना आदेश काढायचा होता आणि त्यांची टायपिस्ट रजेवर. ते इकडे तिकडे बघू लागले. सूनबाईनं पर्समधून वही काढली. "सांगा साहेब, घेते."

म्हणजे स्वतःच्या जागेवरून स्वतःला काढल्याचा हुकूम तिनंच उतरवायचा! मी खुर्चीतून उठणार होते. तिनं माझ्याकडे न बघता हात केला, बसा म्हणून.

साहेब सांगू लागले. काय ती भाषा! एका वाक्यात तीन वाक्यं, मधे कुठे श्वास नाही. पेन्सिल धावली. मी फेब्रुवारीत इतके दिवस तिच्यासमोर बसले, पण हा वेग मी पाहिलाच नव्हता, माझ्या पाण्यानं तो कधी दिसूच दिला नव्हता. कागदावर मुंग्या अशा सरळ रांगेनं चालल्या होत्या की साहेबही क्षणभर बोलायचे थांबून बघत राहिले. मग पुन्हा सुरू. उपरोक्त, तत्सम, यथावकाश.

मग तिनं पेन्सिल आडवी ठेवली. "साहेब, थांबा. बाकीचं दहा मिनिटांनी."

"अहो, दोनच ओळी राहिल्यात."

"दहा मिनिटांनी."

त्या खोलीत साहेबाला बोलताना कुणी थांबवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी नियमाच्या पुस्तकाकडे पाहिलं. त्यात याबद्दल काही नसावं.

आम्ही बाहेर येऊन बोळातल्या बाकावर बसलो. समोर मोठं घड्याळ, दोघींनाही दिसणारं. तिनं डोळे मिटले, नाकानं श्वास घेतला, मेणबत्ती विझू नये अशी हळू फुंकर सोडली. मीही सोबत म्हणून तसंच केलं. जाणारेयेणारे वकील बघत होते. बघेनात का.

आठ मिनिटं झाली तेव्हा दार उघडलं. चष्मेसाहेब स्वतः बाहेर आले, हातात अर्धा राहिलेला हुकूम. "झाली का हो बाई?"

सूनबाईनं डोळे उघडून घड्याळ बघितलं. "अजून दोन आहेत, साहेब."

साहेब तिथेच उभे राहिले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी थोडी सरकले आणि ते बाकावर आमच्याशेजारी बसले.